चालीचा दुसरा भाग

बाबा,

तुमच्यापेक्षा मी आता दोन वर्षांनी मोठा आहे. तुम्ही पंचावन्नाव्या वर्षी वीज कचेरीच्या जिन्यात दम खायला बसलात आणि उठलाच नाहीत. मी परवा सत्तावन्न पूर्ण केली. तेव्हा आता बरोबरीच्या नात्यानं बोलायला हरकत नाही, असं मी सकाळपासून स्वतःला समजावतोय, पण हात 'तुम्ही'च लिहितो. 'मला तुमचा राग आहे' हे वाक्य मी तीनदा लिहून खोडलं. आता खोडत नाही. राग आहे. तुम्ही गेलात म्हणून तो गेला नाही. उलट भांडायला समोर कुणी नाही म्हटल्यावर तो घरातच मुक्कामाला राहिला.

काल इथं अमेरिकेत आमच्या हॉलमध्ये नाच होता. संपल्यावर फिडल, म्हणजे इकडचं व्हायोलिन, वाजवणारी एक तरुण मुलगी माझ्याकडे आली आणि म्हणाली, तुमच्या आजोबांची ती चाल मला फार आवडते, तिचे सूर लिहून पाठवाल का? मी म्हटलं, पाठवतो की. तिनं विचारलं, तुम्हाला कुणी शिकवली? मी म्हटलं, माझ्या वडिलांनी. नेहमीचंच खोटं, पण काल ते इतकं सहज निघालं की मलाच नवल वाटलं. आज तिच्यासाठी सूर लिहायला कागद घेतला, पहिला भाग उतरवला, आणि दुसऱ्या भागाशी येऊन हात थांबला. म्हणून मग हा दुसरा कागद घेतला आणि तुम्हाला लिहायला बसलो.

सुरुवात कुठून करू? बासरीपासूनच करतो. मी सहावीत होतो. दीक्षेच्या वर्धापनदिनी तुम्ही मला पुस्तकांच्या स्टॉलपुढे उभं केलंत आणि म्हणालात, "हवं ते एक पुस्तक घे, मी दर्शनाच्या रांगेत आहे." मी पुस्तकांकडे पाठ फिरवली आणि शेजारच्या गाड्यावरून बासरी घेतली. सहा भोकांची, लाल दोरा गुंडाळलेली. दिवसभर शर्टाच्या आत लपवली. संध्याकाळी घरी आल्यावर आई भाकरी थापत होती, तिच्या शेजारी बसून मी ती ओठाला लावली आणि कसाबसा एक सूर निघाला. तुम्ही बाहेरून आलात. काही विचारलं नाहीत. माझ्या हातून बासरी घेतलीत, गुडघ्यावर ठेवलीत आणि कडाक्. "पुस्तक सांगितलं होतं," तुम्ही म्हणालात, "पिपाणी नाही. आपल्या घरात कुणी वाजवणार नाही. वाजवायचं तेवढं वाजवून झालं." कुणी वाजवलं, कधी वाजवलं, काही सांगितलं नाहीत. आई भाकरी उलटत राहिली. पुढे कित्येक महिने बिनभोकाच्या तुकड्यानं ती चूल फुंकायची, आणि मी समोर बसून बघायचो.

पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही मला एकदा कामावर घेऊन गेलात. मीटर तपासायची ती लांबट खोली, भिंतीला ओळीनं टांगलेले मीटर, प्रत्येकाच्या पोटात फिरणारी ती पत्र्याची चकती. तुमचे सोबती यंत्र लावून तपासायचे. तुम्ही आधी कान लावायचात. "हा नीट आहे. हा नीट आहे. हा कुरकुरतोय, काढ याला." मग यंत्र लावलं की तेच निघायचं. सगळे हसून म्हणायचे, साहेब, तुमच्या कानात काय बसवलंय? तुम्ही गालातल्या गालात हसत होतात, आणि तुमच्या उजव्या हाताची बोटं टेबलाच्या कडेवर चालत होती. उगीच टकटक नाही, बाबा. ठेका होता. मी बघतोय असं लक्षात आल्यावर तुम्ही हात खिशात घातलात. एवढा कान देवानं दिला म्हणावं तर देव आपण मानत नाही. पण कुणीतरी दिला होता, आणि तुम्ही तो जन्मभर मीटरला लावलात.

मी शिकलो. तुम्ही सांगितलं तसं शिकलो. नागपूरहून इंजिनिअर होऊन नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मिनियापोलिसला आलो, आणि एका म्हातारीच्या घरात तळघरातली खोली भाड्यानं घेतली. ही बाई जन्मभर शाळेची बस चालवून रिटायर झाली होती. पहिल्याच हिवाळ्यात एका दुपारी वरून फिडलचा आवाज आला, आणि मी मोजे घालूनच जिना चढून तिच्या स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. ती बटाटे सोलायचं सोडून वाजवत होती. थांबली आणि म्हणाली, "उभा काय राहिलास? वाजवतोस का काही?" मी म्हटलं, नाही. आमच्या घरात कुणी वाजवत नाही. ती उठली, कपाटातून एक लांबट पेटी काढली. तिच्या मेलेल्या नवऱ्याची लाकडी बासरी. सहा भोकं. लाल दोरा तेवढा नव्हता. "वापरली नाही तर लाकूड तडकतं," ती म्हणाली, "तेव्हा माझ्यावर उपकार कर आणि फुंक." असं कुणी म्हणतं, बाबा. असंही म्हणता येतं.

तिच्या नादानं मी काँट्रा डान्सच्या बँडमध्ये गेलो. तुम्ही तो नाच पाहिलात, पण पाहिला असं काही म्हणता येणार नाही, म्हणून सांगतो. माणसं दोन लांब रांगांत समोरासमोर उभी राहतात. एक जण माइकवर नाचाची पुढची हालचाल पुकारतो, आणि प्रत्येक जोडी नाचत नाचत रांगेत एकेक घर पुढे सरकते. चालीचा पहिला भाग सोळा पावलांचा, तो दोनदा. दुसरा भाग सोळा पावलांचा, तोही दोनदा. चौसष्ट पावलांत एक फेरी, की लगेच नवी जोडी समोर. तिथं सूर चुकला तर चालतं, पण एक पाऊल कमी-जास्त झालं की शंभर माणसं भलत्याचाच हात धरून उभी. माझ्या पहिल्याच खेपेला मी हा पराक्रम केला. वस्तीतल्या जयंतीच्या गाण्यांत ढोलकीवाला शेवटी तिहाई घ्यायचा ना, एकच तुकडा तीनदा आणि तिसऱ्यांदा बरोब्बर समेवर, ती माझ्या अंगात मुरलेली. फेरीच्या शेवटी मला राहवलं नाही, मी घेतली तिहाई. समेवर आली झोकात, पण सम पडली पुढच्या फेरीच्या पाचव्या पावलावर! बँडनं मला सांभाळायला वेग सोडला, पुकारणारा माइकवर ओरडला, आणि रांगा एकमेकींत घुसल्या. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथं नाचणारे चांगले होते, अंगण मीच वाकडं केलं होतं. म्हातारी पोट धरून हसली. "स्वतःची बोटं बघणं सोड," म्हणाली. "त्यांचे पाय बघ. चाल तुझी नाही, त्यांच्या पायांची आहे."

मग तिनं मला चाली बांधायला शिकवलं, त्याच स्वयंपाकघरात, बटाट्यांच्या सालींमध्ये कागद पसरून. एक नाच पंधरा फेऱ्या चालतो. पंधरा वेळा तेच ऐकून दगडसुद्धा कंटाळेल. म्हणून पहिल्या फेऱ्यांना सगळे, मग पियानोनं हात उचलायचा, एक फेरी बासरी एकटी, खाली नुसते पाय, आणि मग जड सूर परत येतात तेव्हा सगळा हॉल ओरडतो. शेवटची फेरी आली की म्हातारी खुर्चीत बसल्या बसल्या पाय वर उचलून बँडला खूण करायची. आपल्याकडे कुणी असा पाय दाखवला असता तर डोकी फुटली असती. मला त्या हॉलमध्ये काय मिळालं ते सांगू? तिथं मला कुणी आडनाव विचारलं नाही. विचारलं असतं तरी कळलं नसतं.

आपल्या माणसांना कळतं. ईडन प्रेरीला नोकरी लागल्यावर मी तिथल्या मराठी लोकांच्या गणपतीला गेलो होतो. कंपनीच्या लॅबमधल्या मित्रानं मंडळाकडे माझं नाव दिलं होतं, म्हणून दोन गाण्यांवर बासरी वाजवली. जेवताना एक काकू कौतुक करत जवळ आल्या. "किती छान वाजवतोस रे! कुठं शिकलास? घराण्यात आहे का कुणी? आडनाव काय म्हणालास?" मी सांगितलं. "अच्छा, अच्छा," काकू म्हणाल्या, "मग काय, तुमच्या रक्तातच आहे वाजवणं." आणि गोड हसल्या, आणि आपली प्लेट उचलून पलीकडच्या टेबलाशी गेल्या. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्हाला 'बघ, मी म्हणत नव्हतो?' म्हणायची संधी द्यायची नव्हती. तुम्ही बरोबर होतात याचा मला काकूंपेक्षा जास्त राग आला.

रक्तात काय आहे ते मला तुम्ही नाही, आत्यानं सांगितलं. आई गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाला मी आलो होतो. सगळे जेवून पांगले होते, आत्या मागच्या अंगणात भांडी पुसत बसली होती. माझ्या बॅगेतून डोकावणारी बासरीची पेटी तिनं पाहिली आणि एकदम म्हणाली, "तुहा आजा सनई वाजवे, माहीत हाय ना तुले?" नव्हतं माहीत. पंचवीस वर्षांचा घोडा झालो होतो आणि मला माहीत नव्हतं. पंचक्रोशीतली लग्नं आपल्या घराकडे होती. नागपुरात दीक्षा घेऊन आजोबा घरी परतले, पायसुद्धा न धुता सनई चुलीत घातली, आणि त्या सनईवर आजीनं चहा केला. हे सांगून आत्यानं इकडंतिकडं पाहिलं, आणि दबक्या आवाजात एक चाल गुणगुणली. नवरदेव मांडवात येताना वाजायची ती. सोळा पावलं, बाबा! मी बोटांवर मोजली. सोळा आणि पुन्हा सोळा. "पुढं?" मी विचारलं. "मले एवढंच येते," ती म्हणाली. "दुसरा भाग हाय पुढं. तो तुह्या बापाले इचार. बाबाच्या बाजूले बसून डफडं तोच तर धरे." तुम्ही तेव्हा पुढच्या खोलीत भंतेजींशी बोलत होतात. मी दारातून तुमच्या हातांकडे बघत राहिलो.

म्हणून मी तुम्हाला अमेरिकेला बोलावलं. तुम्हाला वाटलं, पोरगा एकटा आहे, आई गेली, बापाला जग दाखवावं म्हणतोय. तेही होतंच. पण खरं सांगायचं तर मी ताकाला जाऊन भांडं लपवत होतो. मला दुसरा भाग हवा होता. म्हातारीला मी पहिला भाग वाजवून दाखवला होता. तिनं लगेच फिडलवर उचलला आणि विचारलं, "आणि बाकीची अर्धी कुठाय?" मी म्हटलं, वडिलांकडे. "मग वडिलांना आण," ती म्हणाली, आणि आमच्या चालींच्या वहीत तिनं एक अख्खं पान काढलं, वरच्या अर्ध्यात पहिला भाग लिहिला आणि खालचं अर्धं कोरं ठेवलं. ते कोरं अर्धं पान मी किती वेळा उघडून पाहिलं असेल.

तुम्ही साठवलेली रजा काढून सप्टेंबरात आलात. झाडं पिवळी व्हायला लागली होती. माझी कंपनी, माझी गाडी, माझं घर, सगळं तुम्ही हात मागे बांधून पाहिलंत, आणि मला दिसत होतं की तुमचा ऊर भरून आला आहे. एका रविवारी दुपारी मी तुम्हाला नाचाला नेलं. कशासाठी ते आधी सांगितलं नाही, 'माझ्या मित्रांचा कार्यक्रम आहे' एवढंच. ही माझी चूक, मान्य. चर्चच्या हॉलमध्ये भिंतीकडच्या खुर्चीवर तुम्ही बसला आहात. इस्त्रीचा शर्ट, वर मी घेतलेलं स्वेटर. मी स्टेजवर चढलो, पेटीतून बासरी काढली, आणि तुमचं हसू तिथल्या तिथं विरलं. एक आजीबाई हात पुढे करून तुम्हाला नाचायला बोलावते आहे. तुम्ही दोन्ही हात जोडता. ती पुन्हा बोलावते, तुम्ही पुन्हा जोडता. मी वाजवतोय आणि सगळं बघतोय.

मग मध्यंतर झालं. आमच्याकडे मध्यंतरात सगळे घरून आणलेले पदार्थ एकत्र मांडून जेवतात. बँडवाल्यांना वाद्यं आवरून यायला उशीर होतो, तोवर भांडी खरवडलेली असतात. म्हणून म्हातारीनं नियमच केला होता, की बँडची ताटं आधी वाढायची, चांगलंचुंगलं त्यांत घालायचं, वर चंदेरी कागद लावायचा आणि मागच्या दाराजवळच्या ओट्यावर ठेवायची. मला त्या ताटाची भारी मिजास होती. आयुष्यात कुणी माझ्यासाठी असं आठवणीनं काढून ठेवलं नव्हतं, आईखेरीज. त्या दिवशी तिनं तुमचंही काढलं होतं. हॉलमध्ये सगळे टेबलांशी बसून जेवत होते, आणि ती तुमचा दंड धरून तुम्हाला कौतुकानं मागच्या स्वयंपाकघरात घेऊन आली. मी तिथं दाराला टेकून उभ्यानं जेवत होतो. तिनं झाकलेलं ताट तुमच्या हातात दिलं. तुम्ही ताटाकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत, मागच्या दाराकडे पाहिलंत, आणि कागदसुद्धा न उचलता ते परत ओट्यावर ठेवलंत. "नो हंग्री," तुम्ही तिला म्हणालात. मला मराठीत म्हणालात, "भूक नाही."

मी तिथंच थांबायला हवं होतं. पण नाही. दुसऱ्या सत्रात मी माइकवर गेलो, ही माझ्या आजोबांची चाल आहे म्हणून सांगितलं, आणि आम्ही अर्धी चालच चारदा चारदा फिरवून वाजवली. मला वाटलं होतं, तुम्ही ऐकाल, डोळे पुसाल, पुढचा भाग आपसूक तुमच्या ओठांवर येईल. काय एकेक स्वप्नं! पहिल्या आठ पावलांतच तुम्ही उठलात आणि दार ढकलून पार्किंगमध्ये गेलात. नाच पंधरा फेऱ्या चालला. मला थांबता येत नव्हतं, शंभर माणसांचे पाय माझ्या फुंकेवर होते. म्हातारीनं शेवटी पाय उचलला तेव्हा मी पळत बाहेर आलो. तुम्ही गाडीला टेकून, स्वेटरच्या बाह्यांत हात घालून उभे होतात.

घरी आलो. स्वयंपाकघरात तुम्ही पाण्याचा ग्लास घेतलात आणि बोललात, आणि इतक्या वर्षांचा शुद्ध कारकुनी मराठीचा सराव गळून तुमच्या तोंडी गावची बोली आली. "एवढा शिकला तू. इंजिनिअर झाला, सातासमुद्रापार आला. अन् जेवला कुठं? मागच्या दाराशी, उभ्यानं. काढून ठेवलेलं."

"बाबा, ते प्रेमानं ठेवतात. संपून जाऊ नये म्हणून."

"आम्हालेबी प्रेमानंच ठेवत," तुम्ही म्हणालात. "पाटलीणबाई लई मायाळू. गोठ्यापाशी पत्रावळ ठेवे, वर दुसरी पत्रावळ झाके. कुत्र्यानं तोंड घालू नये म्हणून."

मग, लाज सोडून, मी विचारलंच. म्हटलं, आत्या म्हणाली तुम्हाला चालीचा दुसरा भाग येतो. तुम्ही ग्लास खाली ठेवलात. "येतो. तो पंगत बसली की वाजवायचा. पहिला भाग नवरदेवासाठी, दुसरा जेवणाऱ्यांसाठी. पंगत उठेपर्यंत थांबायचं नाही. तिसरी पंगत, चौथी पंगत. सकाळपासून पोटात काही नाही. मी बारा वर्षांचा, डफडं हातात, अन् समोर लोकं बुंदी मागून घेत. बाबा डोळे मिटून वाजवे, त्याले दिसत नसे. मले दिसे." ग्लास पुन्हा हातात घेतलात. "मी हाय तोवर तो भाग कोणाच्या नाचासाठी वाजनार नाही. अन् माझ्यामागं तो राहनारच नाही."

मी काय बोललो ते तुमच्या लक्षात राहिलं असेल. माझ्या तर आहेच. "आजोबांनी नुसती सनई जाळली होती," मी म्हटलं. "चाल तुम्ही मारताय." तुम्ही ग्लास विसळलात, पालथा घातलात आणि झोपायला गेलात, अजून उन्हं होती तरी.

बाबा, तुमचं दुःख मला कळतं. कळत नाही असं समजू नका. पण ते तुम्ही कुलूप लावून ठेवलंत आणि मला नुसती मोडलेली बासरी दिलीत. सहावीत असताना जवळ बसवून ही पंगतीची गोष्ट सांगितली असतीत, तर मी कदाचित स्वतःहूनच ती खाली ठेवली असती. काय बिघडलं असतं तुमचं? तुम्हाला वाटलं, नाही सांगितलं म्हणजे पोराला लागणार नाही. लागलंच. ईडन प्रेरीत एका काकूंच्या हातून लागलं, आणि तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हतं, कारण प्रश्न काय आहे हेच तुम्ही सांगितलं नव्हतं. आणि त्या म्हातारीची बरोबरी तुम्ही पाटलीणबाईशी केलीत, तिच्या तोंडावर ताट परत ठेवलंत, ते मी माफ केलेलं नाही. तिनं मला नंतर फक्त एवढंच विचारलं, "मीठ जास्त झालं होतं का?"

उरलेले अकरा दिवस आपण हवेबद्दल बोललो. परतीच्या सकाळी मी तुमची बॅग घेऊन खाली गाडीत ठेवायला गेलो. तिकिटाचं पाकीट वर राहिलं म्हणून लगेच परत आलो. दार उघडंच होतं. तुम्ही शेगडीपुढे पाठमोरे उभे होतात, चहा उकळत होता, तुमची बोटं ओट्याच्या कडेवर चालत होती, आणि तुम्ही गुणगुणत होतात. पहिला भाग, पुन्हा पहिला भाग. मग थांबला नाहीत. पुढे गेलात. मी दारात श्वास रोखून उभा. सोळा पावलं, पुन्हा सोळा. मग मी मागच्या पावली जिना उतरलो, आणि पाय आपटत, किल्ल्या वाजवत पुन्हा वर आलो, तोवर तुम्ही गप्प होऊन चहा गाळत होतात. विमानतळावर तुम्ही म्हणालात, "थंडीत टोपी घालत जा." दोन वर्षांनी फोन आला.

तुम्ही गेल्यावर म्हातारीनं ती वही पुढे केली. ते खालचं अर्धं पान. मी तिला म्हटलं, वडिलांनी सांगितला नाही, आणि तिच्या स्वयंपाकघरात बसून एका दुपारी मी माझ्या मनानं दुसरा भाग रचला. बरा आहे. उड्या मारायला लावणारा, चौसष्टात चोख बसणारा. आता दुसऱ्या गावांतले बँडही तो वाजवतात, आणि मी माइकवर सांगतो की ही माझ्या आजोबांची चाल, वडिलांनी मला शिकवली. तुम्ही जे दिलं नाहीत त्याबद्दल तुमचं नाव घेतो, आणि लोक टाळ्या वाजवतात. याला सूड म्हणा, नाही तर तुमची आज्ञा पाळणं म्हणा. मला कधी ठरवता आलं नाही. त्या फिडलवाल्या मुलीलाही मी तोच रचलेला भाग लिहून पाठवणार आहे. तुमचा नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो आता माझ्यात आलाय.

हे पत्र संपवून चालींच्या वहीत, त्या पानामागे ठेवून देईन. पण एक गोष्ट राहिली. म्हातारी गेली त्यालाही वर्षं झाली, तरी बँडची ताटं अजून तशीच काढून ठेवतात, चंदेरी कागद लावून, मागच्या दाराजवळ. त्या रविवारपासून मी त्या ताटाला हात लावलेला नाही. भूक नाही म्हणतो. कालही म्हणालो. सगळे हॉलमध्ये जेवायला बसतात, मी रिकाम्या स्टेजवर एकटा राहतो, बासरी ओठाशी धरतो, आणि बोटांनी तुमचा दुसरा भाग वाजवतो. फुंक घालत नाही. पुन्हा पुन्हा वाजवतो, सगळे जेवून उठेपर्यंत.